खोकल्यातून रक्त पडलं तर : घाबरायचं नाही, लपवायचं नाही, तपासून घ्यायचं



आपल्या पेजवर आपण नेहमी डिझेल, परवाने, विमा, हवामानाचे इशारे हेच टाकतो. आज विषय वेगळा आहे, पण आपल्या पोटापाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. खोकला आपल्यात कोणी आजार धरतच नाही. खारा वारा, बर्फ, मशीनचा धूर, बिडी, कशावर तरी नाव टाकून माणूस पुढच्या फेरीला निघतो. आणि बेडक्यात रक्त दिसलं की अगदी उलट होतं. तो ते कोणाला सांगतच नाही. बोटीवरून उतरवतील, हंगामाची कमाई जाईल, घरात रडारड होईल, पोरीचं लग्न मोडेल, अशी भीती असते. या दोन्ही सवयींनी माणसं उशिरा दवाखान्यात पोचतात. म्हणून हा लेख शांतपणे वाचा, घरच्या बायामाणसांनाही वाचून दाखवा.

सुरुवातीलाच मुद्दा सांगतो. खोकल्यातून रक्त येणं हे आजाराचं नाव नाही. ती आतल्या कशाची तरी खूण आहे. ते "कशाचं" शोधल्याशिवाय औषध घेण्यात अर्थ नाही. आणि शोधायला डॉक्टरांना एक्स-रे लागतो तशीच आपण सांगितलेली खरी हकीकतही लागते.

१९९४ साली आपल्याच भागात काय झालं

कतारगाम आणि वेड रोडच्या जुन्या लोकांना हे सांगायला नको, पण नव्या पिढीला माहीत हवं. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली, आणि तिचं नाव सगळ्यात आधी जोडलं गेलं ते वेड रोड-कतारगामच्या वस्त्यांशी. त्या वर्षी पाऊस जोराचा होता, तापीला पूर होता, सखल वस्त्यांत पाणी साचलेलं, मेलेली जनावरं नि कचरा पडून राहिलेला. थोड्याच आधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते.

गाठीचा प्लेग म्हणजे जांघेत, काखेत गाठ येते तो. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात जो सुरू झाला आणि ज्यात १८९७ साली सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या, ती साथ मुख्यतः याच गाठीच्या प्लेगची. सुरतेत आला तो फुफ्फुसाचा प्लेग. यात गाठ दिसेलच असं नाही. एकदम जोराचा ताप, छातीत दुखणं, खोकला, दम लागणं आणि बेडक्यातून रक्त. हा प्लेग खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाला लागतो. औषधाविना तो बहुतेकांचा जीव घेतो, आणि औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण २४ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. औषधं तेव्हाही साधीच होती, टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. म्हणजे माणूस वाचण्यासाठी महाग औषध नाही, वेळ हवी होती.

पुढचे दिवस लोक विसरलेले नाहीत. काही दिवसांत लाखो माणसं रेल्वे, एसटी, ट्रक, मिळेल त्यातून सुरत सोडून निघाली. हिऱ्याचे कारखाने, लूम बंद पडले. मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. ज्याला काही झालेलं नाही त्यानेही गोळ्या खाल्ल्या. सुरतेत पन्नासच्या वर माणसं गेली. हा प्लेगच होता की दुसरं काही, यावर तेव्हा आणि नंतरही बराच वाद झाला. पुढे जंतूच्या जनुकीय तपासण्यांतून तो प्लेगचाच असल्याचं दिसलं. सुदैवाने पळून गेलेल्या माणसांमुळे दुसऱ्या कुठल्या शहरात तशी मोठी साथ पसरली नाही. पुढच्या वर्षी, १९९५ ला, एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि सुरतेच्या सफाईचं रूप पालटलं, हेही आपण पाहिलेलं आहे.

हे सगळं आज का सांगतो? आज कोणाच्या बेडक्यात रक्त आलं म्हणजे प्लेग, असं मुळीच नाही. त्या वेळी जे शिकलो ते आजही लागू आहे म्हणून सांगतो.

एक, आजार किती वेगाने वाढतोय ते बघायचं. तासांत वाढणारा खोकला वेगळा, महिन्यांनी वाढणारा वेगळा.
दोन, पळून आणि लपवून आजार कमी होत नाही, तो आपल्याबरोबर गाडीत नि बोटीत बसतो.
तीन, दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या की खरं कारण झाकलं जातं.

आधी हे ठरवा : रक्त आलं कुठून?

तोंडातून रक्त पडलं म्हणजे ते फुफ्फुसातूनच आलं असं नाही. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. म्हणून नीट बघून ठेवा.

नाकातून : घोळणा फुटला की रक्त मागच्या बाजूने घशात उतरतं आणि सकाळी थुंकीत दिसतं. नाक शिंकरल्यावरही रक्त असतं.

हिरड्यांतून, घशातून : ब्रश करताना, गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातल्या जखमेतून. खोकला नसतो, नुसती थुंकी लाल असते. पान खाऊन थुंकलं तर लाल दिसणारच, तेव्हा आधी चूळ भरून बघा. पण तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात भरून न येणारी जखम असेल तर तीही दाखवायलाच हवी.

पोटातून : उलटीबरोबर येतं. रंग काळपट, कॉफीच्या गाळासारखा, त्यात अन्नाचे कण, तोंडाला आंबट चव. हेही तातडीचंच, पण तो पोटाचा विषय. दारू जास्त असणाऱ्यांनी आणि अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं.

फुफ्फुसातून : खोकल्याबरोबर येतं, लालभडक, बऱ्याचदा फेसाळ, कफात मिसळलेलं किंवा रेषा ओढल्यासारखं. आधी घशात खवखव, छातीत गरम वाटतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं. त्याने लघवी, थुंकी, घाम नारिंगी-लालसर होतो. ते रक्त नव्हे. हे बघून घाबरून औषध सोडू नका.

खोकला कशाकशाने येतो?

डॉक्टर खोकल्याचे दिवस मोजतात. तीन आठवड्यांच्या आतला नवा, आठ आठवड्यांच्या पुढचा जुना, आणि मधला मधलाच.

नवा खोकला बहुतेक वेळा सर्दी-फ्लूच्या विषाणूचा असतो आणि आपोआप उतरतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण ताप उतरत नसेल, छातीत एका जागी कळ येत असेल, दम लागत असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. लहान पोराला अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला तर शेंगदाणा, माशाचा काटा असं काही श्वासनलिकेत गेलंय का हे बघावं लागतं. लस न घेतलेल्या पोराला उबळीवर उबळ येऊन शेवटी श्वास ओढताना आवाज येत असेल तर डांग्या खोकल्याचा संशय घ्यावा.

जुन्या खोकल्याची कारणं बरीच आहेत. सर्दी नाकातून मागे घशात उतरत राहणं, दमा, आम्लपित्त वर येणं, आणि बिडी-सिगारेटने श्वासनळ्या कायमच्या खराब होणं. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनीही, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या, कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी स्वतः बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. आडवं झाल्यावर खोकला आणि दम, पायाला सूज, हे हृदय कमजोर झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि सगळ्यात जास्त ध्यानात ठेवायचा तो टीबी.

आपल्या धंद्याची स्वतःची कारणंही आहेत :

मशीन रूममधला डिझेलचा धूर. दरवाजा बंद करून तिथेच झोपणं तर जिवावरचं आहे, कारण त्या धुरातला वायू वासाने कळत नाही.

बर्फाच्या कारखान्यातली अमोनियाची गळती. डोळे चुरचुरतात, एकदम खोकला, घसा बंद. लगेच मोकळ्या हवेत या आणि डोळे भरपूर पाण्याने धुवा. दम लागत असेल तर दवाखाना गाठा.

कोळंबी काळी पडू नये म्हणून टाकतात ती पांढरी पावडर, सोडियम मेटाबायसल्फाइट. ओल्या मालावर पडली की तिखट वायू सुटतो. दमा असणाऱ्याला झटका येतो. बंद खणात उतरून ती टाकू नका.

कोळंबी-खेकडा सोलणाऱ्या, उकडणाऱ्या आपल्या बायाबहिणींना कामावर गेलं की शिंका, खोकला, छातीत शिट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. हा धंद्यातला दमा असू शकतो. डॉक्टरांना काम काय करता ते आवर्जून सांगा.

पाण्यात बुडता बुडता वाचलेला माणूस. बाहेर काढल्यावर ठीक दिसतो, पण काही तासांनी खोकला, फेस, दम सुरू होऊ शकतो. "वाचला" म्हणून घरी न्यायचा नाही, दवाखान्यात दाखवून तिथे काही तास नजरेखाली ठेवायचा.

आणि आपली बरीच पोरं आता पाण्यावर नाहीत. कोणी कतारगामला हिऱ्याच्या घंटीवर आहे, कोणी लूमवर, कोणी दगड कापण्याच्या कामावर. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. आपल्या गुजरातेतच खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांचा हा जुना आजार आहे. आणि सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसात टीबी लवकर घर करतो. तेव्हा कामाच्या जागी कसली धूळ असते ते पोरांना विचारून ठेवा.

रक्त कशाने येतं?

नुसत्या जोराच्या खोकल्याने घशाची बारीक शीर फुटून कफात एखादी रेषा येऊ शकते, श्वासनळ्यांना सूज आली तरी येते. हे बऱ्याच वेळा किरकोळ निघतं. पण किरकोळ आहे हे तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही. बाकीची कारणं अशी :

टीबी. आपल्याकडे हाच पहिला तपासावा लागतो. संध्याकाळची कणकण, रात्री घाम, भूक नाही, वजन उतरतंय, आणि खोकला.

जुना, बरा झालेला टीबी. औषध पूर्ण झालं, जंतू गेले, तरी फुफ्फुसात पोकळी किंवा रुंदावलेल्या नळ्या राहतात. त्यातून वर्षांनी रक्त येऊ शकतं, कधी त्या पोकळीत बुरशी वाढते. म्हणून "याला टीबी परत झाला" असं म्हणून जुनी औषधं पुन्हा सुरू करू नका. तपासणी पुन्हा हवी.

न्यूमोनिया आणि फुफ्फुसातला गळू. ताप, छातीत कळ, गंजासारखा किंवा घाण वासाचा कफ.

फुफ्फुसाचा कॅन्सर. वय चाळीसच्या पुढे, बरीच वर्षं बिडी, खोकल्याची जात बदललेली, आवाज बसलेला, वजन कमी. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे.

हृदयाची झडप. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या काहींची झडप पुढे अरुंद होते. चालताना दम आणि कफात रक्त.

फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. अचानक दम, छातीत कळ, एका पायाला सूज. ऑपरेशननंतर, पाय मोडून पडून राहिल्यावर किंवा बाळंतपणानंतर हा धोका जास्त.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन. हृदयाच्या पेशंटला चालू असतात.

आणि एक आपल्या खाण्यातलं. कच्चा किंवा अर्धा शिजलेला गोड्या पाण्याचा खेकडा खाल्ला तर त्यातून फुफ्फुसाची कृमी होते. ईशान्य भारतात, मणिपूर-नागालँडकडे, याचे रुग्ण बरेच सापडले आहेत आणि लक्षणं हुबेहूब टीबीसारखी असतात. आपण कालवण नीट उकळूनच खातो. पण औषध म्हणून कच्च्या खेकड्याचा रस पाजायला कोणी सांगितलं तर पाजू नका.

आता वेगाचा मुद्दा पुन्हा बघा. समजा तीन खलाशी आहेत आणि तिघांच्याही कफात रक्त आहे. एकाला काल संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, आज छातीत कळ आणि धाप. त्याला आजच, आत्ताच न्यायचं. दुसऱ्याला दीड महिना खोकला आणि पॅन्ट सैल झालीय. त्याची पहिली तपासणी टीबीची, दोन दिवसांत. तिसरा पंचावन्नचा, तीस वर्षं बिडी, ताप काहीच नाही. त्याला ताप नाही म्हणून सोडून चालत नाही, त्याचाच एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी व्हायला हवा. रक्त तिघांचं सारखंच दिसतं, हकीकत वेगळी आहे.

डॉक्टर काय विचारतील आणि काय बघतील?

जाताना ही उत्तरं कागदावर लिहून न्या. घाईत अर्धं विसरतं.

१. खोकला किती दिवस? रक्त पहिल्यांदा कधी, किती वेळा?
२. रक्त किती? रेषा, चमचाभर, की कपभर? रंग कसा, फेस होता का? मोबाईलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला. ग्रुपवर टाकायला नाही.
३. ताप, रात्रीचा घाम, वजन, भूक, छातीत दुखणं, दम.
४. आधी टीबी झाला होता का? औषध पूर्ण केलं होतं का? घरात, बोटीवर कोणाला आहे का?
५. बिडी, सिगारेट, दारू किती आणि किती वर्षं? इथे खोटं बोलून नुकसान आपलंच.
६. साखर, ब्लड प्रेशर, हृदयाचा आजार, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. पाकिटंच घेऊन जा.
७. काम काय, धूळ-धूर कसला?

मग डॉक्टर नाडी, ब्लड प्रेशर, श्वासाचा वेग, ताप बघतात, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावतात. धडधाकट माणसाचा आकडा साधारण ९५ च्या वर असतो. ९० च्या खाली म्हणजे तातडीचं. नखं फुगून गोल झालीत का, मानेत गाठी आहेत का, पायाला सूज आहे का, तेही बघतात. छाती पुढून-मागून ऐकतात, हृदयही ऐकतात. नुसतं नाव विचारून चिठ्ठी लिहून दिली तर नम्रपणे म्हणा, "साहेब, छाती तपासून घ्या, रक्त पडलंय."

तपासण्यांत पहिला छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी. रक्ताची साधी तपासणी, गरजेप्रमाणे रक्त गोठण्याची तपासणी, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी. पुढे लागल्यास सीटी स्कॅन आणि दुर्बीण आत घालून श्वासनळ्या बघणं. एक्स-रे साफ आला तरी रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा माणूस चाळीसच्या पुढचा आणि बिडी ओढणारा असेल, तर गोष्ट तिथे संपत नाही. सीटी बद्दल विचारा. रक्त थांबतच नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात मांडीच्या किंवा हाताच्या शिरेतून नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी आतूनच बंद करतात. छाती उघडावी लागेलच असं नाही.

बेडका कसा द्यायचा?

बरेच नमुने थुंकी दिल्यामुळे वाया जातात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, पोराबाळांपासून लांब उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळापासून खोकून घट्ट बेडका डबीत काढा. लाळ नको. झाकण घट्ट लावा. साधारणपणे दोन नमुने घेतात, एक लगेच आणि एक सकाळचा. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर टीबीचा जंतू आहे का आणि नेहमीचं औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही काही तासांत कळतं.

सरकारी कार्यक्रमाचा नियम असा की दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची. आणि रक्त पडलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

टीबी निघालाच तर

तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. साध्या टीबीला साधारण सहा महिने औषध लागतं. महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच लोक औषध सोडतात. मग तोच टीबी औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). आधार आणि पासबुक देऊन ठेवा.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे निक्षय नंबरवर रुग्णाची नोंद देशभर चालते. गावी जायचं असेल, दुसऱ्या बंदरावर काम धरायचं असेल, तर जाण्याआधी केंद्रात सांगा. औषध त्या ठिकाणी बदलून मिळतं. गुपचूप निघून जाऊ नका. घरातल्यांची, विशेषतः लहान पोरांची तपासणी करून घ्या, त्यांना टीबी होऊ नये म्हणूनही औषध असतं. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६. सुरतेत न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचं स्मीमेर हॉस्पिटल आहेच, शिवाय आपापल्या भागातलं आरोग्य केंद्रही बेडका घेतं.

बोटीवर रक्त पडलं तर

हा भाग तांडेलांनी पाठच करावा.

कटिंग चहाच्या ग्लासभर किंवा त्याहून जास्त रक्त, किंवा रक्त थोडं पण धाप लागलेली, ओठ निळे, घाम फुटलेला, चक्कर : हे सगळं तातडीचं. अशा वेळी माणूस रक्त कमी होऊन नाही, तर रक्त श्वासनळीत अडकून गुदमरून जातो.

• माणसाला एकटं सोडू नका. बसवून थोडं पुढे वाकवा, रक्त बाहेर थुंकू द्या, गिळायला लावू नका.
• छातीच्या कुठल्या बाजूने रक्त येतंय हे आधीपासून माहीत असेल तर आडवं करताना तीच बाजू खाली ठेवा. म्हणजे चांगलं फुफ्फुस वर आणि कोरडं राहतं.
• खायला-प्यायला देऊ नका. खोकला दाबायचं सिरप, झोपेची गोळी, अॅस्पिरिन किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. पाठ चोळू नका, दारू तर नाहीच.
• रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वायरलेसवर डॉक्टरांना सांगा आणि पुढचा डोस त्यांना विचारूनच.
• रुग्णाला आणि जवळ बसणाऱ्याला मास्क किंवा स्वच्छ फडकं. केबिनच्या खिडक्या उघड्या.
• जाळं ओढायचं राहिलं तरी राहू द्या. बोट बंदराकडे वळवा. व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर किंवा कोस्ट गार्डच्या १५५४ वर कळवा : बोटीचं नाव, नंबर, ठिकाण, माणसाचं वय, रक्त किती, श्वास कसा. बंदरावर १०८ बोलावून ठेवा.

रक्त फक्त रेषेएवढं असेल आणि माणूस ठीक असेल तरी ती फेरी पूर्ण करून पुढची धरू नये. पहिल्या सोयीच्या बंदराला उतरून एक्स-रे आणि बेडका.

बोट मालकांना एक विनंती

एका केबिनमध्ये आठ-दहा माणसं दहा-पंधरा दिवस झोपतात. एकाने टीबी लपवला तर तो सगळ्यांना वाटला जाऊ शकतो. तो लपवतो कारण त्याला काम जाण्याची भीती असते. ही भीती घालवणं आपल्या हातात आहे. बोटीवर चढण्याआधी प्रत्येकाला विचारा, "खोकला किती दिवस?" ज्याला दोन आठवड्यांवर आहे त्याचा बेडका तपासून मगच फेरी. टीबी निघाला तर त्याला शिव्या घालू नका, त्याची जागा राखून ठेवतो असं सगळ्यांसमोर सांगा. बरोबर औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका खूप कमी होतो. कामावर कधी यायचं ते डॉक्टर सांगतील. त्या काळात घरी थोडी उचल दिली तर तो माणूस औषध सोडून पळणार नाही. एक आजारी खलाशी सांभाळणं बाकीच्या नऊ जणांना आजारी पाडण्यापेक्षा हिशेबातही स्वस्त पडतं.

आणि केबिनमध्ये बिडी बंद. थुंकायला झाकणाचा डबा, डेकवर आणि खणाजवळ नाही.

घरच्या बायांना

पुरुष रक्त लपवतो, पण रुमाल आणि उशीचा अभ्रा तुम्हीच धुता. डाग दिसला तर भांडण नको, विचारा. आणि तुमचा स्वतःचा खोकला "कामाने आलाय" म्हणून मागे टाकू नका. सुनेला टीबी निघाला म्हणून माहेरी पाठवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. औषध चालू असताना ती सगळ्यांबरोबर राहू शकते, फक्त सुरुवातीचे दिवस तोंडावर फडकं, खिडकी उघडी आणि गोळी वेळेवर. ताटवाटी वेगळी करायची काही गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही.

१९९४ ला आपल्या वस्त्यांतून माणसं रातोरात निघून गेली, कारण खोकल्यातलं रक्त म्हणजे नक्की काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. आज तपासणी घराजवळ आहे, फुकट आहे आणि बरेचदा त्याच दिवशी उत्तर मिळतं. तेव्हा वरचे सात प्रश्न कागदावर उतरवून घ्या, १५५४ आणि १०८ हे नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. कोणाला बेडका द्यायला जायचं असेल आणि सोबत हवी असेल तर संस्थेच्या ऑफिसात सांगा, आम्ही बरोबर येऊ. नाव बाहेर जाणार नाही.

हा लेख फेरीवर निघालेल्या प्रत्येक तांडेलापर्यंत पोचवा.

आपले,
सचिव व संचालक मंडळ